मापाचा ब्लाउज

“भाभी, ही डावी बाजू बघा. नुसती मान हलवू नका, बघा! नाचता येईना अंगण वाकडं, आणखी काय?”

भर दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना मी हे बोलले. भाभींनी मशीनवरचा पाय काढला, चष्मा पुसला, माझा नवा ब्लाउज उलटसुलट करून बघितला. “ताई, माप तर तेच हाय,” त्या म्हणाल्या. “मापाचा ब्लाउज वर ठेवूनच कापलाय.”

“मग डावीकडे हा झोळ कुठून आला? आभाळातून पडला?”

बाकावर बसलेल्या बाया हसल्या. भाभींचे कान लाल झाले. त्यांनी मुकाट्यानं ब्लाउज उसवायला घेतला आणि मी मोठी लढाई जिंकल्यासारखी गल्ल्यावर जाऊन बसले. आज ते आठवलं की घरात एकटी असले तरी पदर तोंडाला लागतो.

बारामतीला लागून जळोचीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल, मीटरवर इलॅस्टिक, आणि काउंटरच्या आतल्या कप्प्यात बायकांचे आतले कपडे. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून देते. दुकानाच्या पुढच्या कोपऱ्यात भाभींचं शिलाई मशीन. कापड माझं, शिलाई त्यांची, असं आमचं जमून गेलेलं. भाभी मऊ बोलणाऱ्या आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही, म्हणूनही जमलं असेल.

आमच्याकडच्या बाया अंगाला टेप लावू देत नाहीत. अंगात नीट बसलेला एक जुना ब्लाउज द्यायचा, तो मापाचा. त्याच्यावरून पुढचे सगळे. कितीतरी बायांचे मापाचे ब्लाउज भाभींकडे वर्षानुवर्षं पिशव्यांत पडून आहेत, त्या बाया मात्र भाभींनी नीट पाहिलेल्याही नाहीत. माझा आणि माझ्या थोरल्या जावेचा तर मापाचा ब्लाउज एकच. मी तिला आक्का म्हणते. ती वरकुट्याला शेतावर असते, मी इथं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी आम्हाला एकमेकींचे ब्लाउज घालायला लावले होते आणि म्हणाल्या होत्या, “चला, शिंप्याचं एक काम वाचलं.” तेव्हापासून एकाच मापावर दोघींचे कपडे शिवले जातात.

तर तो ब्लाउज. भाभींनी डावीकडचा टक्स घट्ट केला, तर काखेत खेचायला लागला. सैल केला, तर पुन्हा झोळ. उसवून उसवून कापडाला सुईची भोकं दिसायला लागली. मी रोज बोलत होते, त्या रोज ऐकून घेत होत्या. शेवटी आक्का बारामतीला बाजाराला आली, तेव्हा मी तिला आडोशाला नेलं, पडदा ओढला आणि म्हटलं, “आक्का, तुम्ही घालून बघा. म्हणजे भाभींना कळेल कुणाचं चुकलंय.”

आक्कानं घातला. कातडीसारखा बसला! एक चुणी नाही की झोळ नाही.

“भाभीचं काय चुकलं न्हाय गं,” आक्का म्हणाली. मग माझ्याकडं बघत राहिली. “धाकटे, हात वर कर बगू.”

“काहीतरीच काय?”

“कर म्हन्ते ना.”

मी आरशासमोर हात वर केला. इलॅस्टिक ताणून कापडाला शिवलं आणि सोडून दिलं, की कापड कसं त्या जागी गोळा होतं, तसं माझं डावीकडचं कातडं एका ठिकाणी आत गेलं होतं. आक्कानं बोट लावलं. खाली कडक गाठ होती, चाचपली तरी जागची न हलणारी.

मला भीती वाटली असं म्हणायला पाहिजे. पण खरं सांगते, आधी लाज वाटली. उभा जन्म बायकांना आतले कपडे विकले, गिऱ्हाइकाला ‘ताई, लाजता कशाला?’ म्हणून हसले, आणि स्वतःचं अंग मी आरशात धड बघितलंसुद्धा नव्हतं. अंगण माझंच वाकडं निघालं होतं, आणि बाहेर भाभी बिचारी खाली मान घालून टाके उसवत होती.

“आक्का, कुणाला बोलू नका,” मी म्हटलं. “भाभींना सांगते आतून थोडा फोम लावायला. दिसायचं नाही.”

“फोम? आन् गाठीला काय सांगशील, गप बस म्हून?”

मी रडायला लागले. हे ऐकतील, दीर ऐकतील, मुलगा ऐकेल, आणि कुठली गाठ म्हणून विचारलं तर कुठं हात लावून दाखवू? आक्कानं माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. “माजं गुडघं दुकत्यात. मला दवाखान्यात न्यायला तू येतीस. कळलं?”

असं तिनं माझं दुखणं स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं. घरी तेच सांगितलं आणि आम्ही दोघी बारामतीतल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. तो सरळ ‘स्तन’ म्हणाला, जसं आपण कोपर म्हणावं. मी पंख्याकडं बघत राहिले. त्यानं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला आक्काच उत्तर देत होती. पदर बाजूला करायची वेळ आली तेव्हा मी गच्च धरून ठेवला, तर आक्कानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

सुईनं तुकडा काढून तपासला. त्यातून नक्की कळेना. मग डॉक्टर म्हणाला, ही ओढलेली गाठ आहे, पूर्ण काढून तपासू. आता घरात सांगणं भागच होतं. ह्यांनी ऐकून घेतलं, चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि म्हणाले, “मला का नाही सांगितलं?”

गाठ काढली, टाके पडले, आणि मग रिपोर्टची वाट. जीव नुसता टांगणीला. मी डॉक्टरला विचारलं होतं, असं ओढून कशानं धरलं? त्यानं बिचाऱ्यानं वेळ काढून सांगितलं. आपल्या अंगात ताणले जाणारे बारीक धागे असतात, कातडीत, रक्ताच्या नळ्यांत, स्तनातसुद्धा. त्यांच्यामुळं अंग ताणतं आणि परत जागेवर येतं. काही गाठींमध्ये हे धागे नको तितके साठतात, गुंता होतो, ताण मरतो, आणि शेजारचं सगळं आत ओढलं जातं. “कॅन्सरच्या गाठीत असं पुष्कळदा दिसतं,” तो म्हणाला, “पण काही साध्या गाठींतही दिसतं. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन, रंग देऊन बघितल्याशिवाय बोलता येत नाही.”

इलॅस्टिक! हे म्हणजे माझ्याच दुकानातलं झालं. मला पहिल्यांदा त्या दवाखान्यात काहीतरी ओळखीचं भेटलं. उन्हात राहिलेल्या लडीचं इलॅस्टिक कसं कडक होतं, ताणलं तर करकरतं, आणि आपण म्हणतो ‘मेलं हे’. तसलं काहीतरी माझ्या आत होतं.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ, जुन्या वणासारखी. कॅन्सर नाही. मी ऐकलं आणि आक्काच्या गळ्यात पडून तिची साडी भिजवली. प्रयोगशाळेतल्या बाईंच्या मागं लागून मी ती काच भिंगातून बघूनसुद्धा आले. त्या नको नको म्हणत होत्या, पण मी कसली ऐकते! खास रंग देऊन काळे केलेले धागे, एकमेकांत गुंतलेले, शिलाई मशीनखाली साठलेल्या दोऱ्यांसारखे. “एवढा गुंता असून साधी?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “म्हणून तर बघावं लागतं.” निघताना डॉक्टरनंही बजावलं, कुठलीही गाठ असो, दाखवायची. हे शेवटचं मी ऐकलं, पण घरी नेलं नाही.

आता मी काय झाले सांगू? अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. ज्या बाईला ‘स्तन’ म्हणताना घाम फुटत होता, ती दुकानात इलॅस्टिकची लडी घेऊन व्याख्यानं द्यायला लागली. पेढ्याचा पुडा काउंटरवर आणि बाजूला मी. “हे बघा, हे ताजं इलॅस्टिक. हे मेलेलं. गाठीत हे असं मेलं की कातडं ओढतं.” बाया तोंडाला पदर लावून ऐकायच्या, आणि मला वाटायचं मी जगावर उपकारच करतेय. भाभी मशीनवरून म्हणायच्या, “ताई तर डागदरीण झाल्या.” मला ते आवडायचं. त्यांची मी माफी मागितली होती का? नाही. एकदा चहाबरोबर खारी मागवली आणि मनात म्हटलं, झालं.

अशाच एका दुपारी आक्का आली. मेथीच्या जुड्या घेऊन आली होती. माझं व्याख्यान चालू होतं, ती बाकाच्या कडेला टेकून ऐकत राहिली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, “आन् गाठ सुटी असली तर? म्हंजी बोट लावलं की इकडंतिकडं पळती, दुकत न्हाय, कातडंबी वडलेलं न्हाय. आमच्या वस्तीवर एकीला हाय.”

मला नुसता चेव चढला. मी नवं कोरं इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणलं आणि सोडलं. “हे बघा, ओढ नाही म्हणजे इलॅस्टिक जिवंत आहे! अहो आक्का, माझी एवढी ओढलेली, तीसुद्धा साधी निघाली. तिची सुटी गोटी म्हणजे तर काहीच नाही. सांगा तिला, उगीच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवू नको म्हणावं.”

बाया हसल्या. आक्काही हसली. “सांगते बाई,” म्हणाली. मेथी ठेवून ती गेली, आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला परकर दाखवायला घेतला.

पाऊस सरला, थंडी आली, वरकुट्याचा ऊस कारखान्याला गेला. आक्कानं माझ्या रिपोर्टसाठी नरसिंहपूरला नवस बोललेला होता, तो फेडायचा राहिलेला. ऊस तुटल्यावर तिला सवड झाली आणि आम्ही दोघी गेलो. भीमा आणि नीरा मिळतात तिथं घाटाच्या पायऱ्यांवर दशमी-चटणी सोडून बसलो. खाली बाया पाण्यात उतरत होत्या. देवळात आक्का बराच वेळ हात जोडून उभी होती, म्हणून मी चेष्टा केली, “देवाला एवढं काय सांगत होतात? दिरांची कागाळी?”

“तुजं फेडलं,” ती म्हणाली, “आन् माजं मागितलं.”

“तुमचं काय मागणं?”

तिनं माझा हात धरला आणि तिथंच, चार लोकांत, आपल्या पदराखाली नेला. मला आधी कळेना. मग बोटांना लागलं. लिंबाएवढी झाली होती.

“आदी पळत व्हती,” आक्का म्हणाली. “आता एका जागी बसलीय.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“तुला इचारलं न्हवतं का दुकानात? वस्तीवरची बाई म्हून?”

पाण्यातल्या बायांचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, “आक्का, अहो तुमची आहे असं सांगायचं ना! मी ओढत नेली असती तुम्हाला!”

“सांगनारच व्हते. पन तूच म्हनलीस काय नसतंय. तू तर काच बगून आलेली.” तिनं दशमीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “मला लई बरं वाटलं व्हतं बग त्या दिशी, तुजं ऐकून. घरी जाताना गाणं म्हनत गेले.”

ती मला टोचून बोलत नव्हती. तिला खरंच बरं वाटलं होतं, तेच ती सांगत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अगं बया, माझ्या एका ब्लाउजवरून जिनं माझा हात वर करायला लावला, जिनं माझी बोटं एकेक सोडवली, ती माझ्यासमोर बाकावर बसून मला विचारत होती, आणि मी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं. बघितलं असतं तर कळलं असतं. आक्का खोटं बोलली की तिचे डोळे लगेच खाली जातात. पण माझे डोळे होते गिऱ्हाइकांवर, बाया हसतात की नाही त्याच्यावर.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच डॉक्टरकडे गेलो. या खेपेला उत्तरं मी देत होते. तपासण्या झाल्या, आणि जे व्हायला नको होतं तेच निघालं. कॅन्सर, आणि काखेतही गेलेला.

“पण ओढ नव्हती ना,” मी डॉक्टरला म्हणाले. भांडायलाच उठले म्हणा ना. “तुम्हीच सांगितलं होतं ते धाग्यांचं. कातडं आत गेलं नव्हतं, गाठ सुटी होती, मग कशी काय?”

त्यानं काही आवाज चढवला नाही. म्हणाला, “तुमच्या गाठीत त्या धाग्यांचा गुंता होता, तरी ती साधी. यांच्या गाठीत तो फारसा नाहीच, तरी ती वाईट. असंही असतं. बोटांनी कळलं असतं तर आम्ही काचा कशाला रंगवल्या असत्या?” मग त्यानं आक्काकडं बघून विचारलं, “मावशी, तुम्ही एवढे दिवस का थांबलात?”

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं. सांगून टाकलं असतं तर निदान त्यानं मला दोन शब्द सुनावले असते आणि ते मला हवे होते. पण आक्का मध्येच बोलली.

“गुडघं दुकत व्हतं सायब. वरकुट्यावरनं यायला जमलं न्हाय.”

माझ्यासाठी काढलेले तेच गुडघे. बाहेर आल्यावर तिला म्हटलं, “आक्का, मला शिव्या घाला. एक मुस्काटात द्या.” ती म्हणाली, “चल, चा पाज आदी. शिव्या काय, हाईतच.”

त्यानंतर ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली. मग ते इंजेक्शनांचं चक्र. तिचे केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. इंजेक्शनानंतर ती माझ्याकडं जळोचीला राहते आणि अंगात बळ आलं की वरकुट्याला जाते. अजून चाललंय. पुढं काय, ते डॉक्टर सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. दीर येतात, माझ्याशी नेहमीसारखं बोलतात, कारण उशीर का झाला म्हणून आक्कानं त्यांनाही गुडघ्याचंच सांगितलंय. ते मला म्हणतात, “तू हाईस म्हून बरं हाय गं बाय.” तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जाते.

दुकानात आता मी कुणाला इलॅस्टिक ताणून दाखवत नाही. परवा एक बाई कुजबुजत आली, “ताई, ते गाठीचं सांगता ना तुमी, माजी अशी हाय बगा...” मी तिच्यावर खेकसलेच. “मला काय विचारता? मी कापड विकते! दवाखान्यात जा, आत्ता जा!” बाई घाबरली. मग मीच शटर अर्धं ओढलं आणि तिला रिक्षात घालून घेऊन गेले. तिची साधी निघाली. मला आनंद झाला, आणि लगेच त्याचीही लाज वाटली.

गेल्या आठवड्यात आक्काला ब्लाउज शिवायचे होते. जुने सगळे आता अंगावर लोंबतात. आडोशाला पडदा ओढून आम्ही तिघी उभ्या होतो, आक्का, भाभी आणि मी. भाभींनी सवयीनं तो मापाचा ब्लाउज काढला, हातात धरला. मग हळूच घडी करून परत पिशवीत ठेवला. “आक्का, टेपनं घेऊ का माप?” त्यांनी विचारलं. “तुमाला चालंल का?”

“न चालाया काय झालं?” आक्कानं हूक काढले. “लाजायला आता ऱ्हायलंय काय तितं?”

मी भिंतीकडं तोंड केलं. रचलेल्या अस्तरांच्या खोक्यांवरचे नंबर वाचायला लागले. तो सपाट भाग, तो लांब व्रण मी दवाखान्यात बघितला होता, पट्ट्या बदलल्या होत्या. पण इथं, त्याच आरशासमोर, जिथं तिनं माझा हात वर करायला लावला होता, मला बघवेना. भाभींचं चाललं होतं, “ताई, जरा टेपचं टोक धरता का? दोन्ही बाजूंनी येगळं घ्यावं लागंल.” मी ऐकलं नाही असं केलं.

“ए धाकटे,” आक्का म्हणाली. तिला धाप लागत होती, पण आवाज हसरा होता. “हिकडं तोंड कर. नीट बगून धर. माप चुकलं तर परत भाभीलाच बोलशील.”

भाभी खाली बघून हसल्या. मी वळले. टेपचं टोक आक्काच्या छातीवर टेकवलं, आणि भाभी आकडा सांगेपर्यंत डोळे तिथून हलवले नाहीत.